गोंदलेल्या हातांना आत प्रवेश नाही

सर्व संबंधितांस, असंबंधितांस आणि नुसतेच कान टवकारून बसलेल्यांस कळवण्यात येते की, जपान देशी, डोंगरातल्या एका गरम पाण्याच्या स्नानगृहाच्या दारात, माझ्या सख्ख्या आईला, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अंगात नऊवारी, पायांत कॅनव्हासचे बूट, गुंडांच्या टोळीतली बाई समजून अडवण्यात आले. ही बाब आमच्या घराण्याने आजवर बाहेर फुटू दिली नव्हती. परवा आईच म्हणाली, "सांग की, त्यात लाज कसली?" म्हणून जाहीर करत आहे. कृपया शांतता राखावी.

आता खरं सांगायचं तर गोष्ट आईची नाहीच. गोष्ट आमच्या समोरच्या शेजारणीची आहे, आणि तिच्या सात वर्षांच्या मुलीच्या उजव्या मनगटाची. आई मध्ये घुसली, कारण आई कुठेही घुसते.

मी तेव्हा त्सुकुबात राहत होते. संशोधकांचं गाव. रुंद रस्ते, सायकली, संस्थेमागून संस्था आणि आमच्यासारख्या परदेशी मंडळींसाठी बांधलेल्या बुटक्या इमारती. मी भाताच्या बियाण्यावर काम करायचे. नवरा पुण्यात, मुलगा कॉलेजात, आणि मी पन्नाशीला टेकलेली, एकटी, मोकळी, आणि दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते कळल्याशिवाय झोप न येणारी बाई.

मोठा भूकंप होऊन तीन-चार वर्षं झाली होती, पण जमीन अजून कूस बदलायची. कपाटं भिंतींना स्क्रूने आवळलेली असत. दाराशी पाणी, बिस्किटं, बॅटरी भरलेली पिशवी तयार असे. आणि प्रत्येक नवख्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं जाई की हादरा बसला की टेबलाखाली शिरायचं, डोकं सांभाळायचं, बाहेर धावायचं नाही. भारतातून आलेल्या पोस्टडॉक पोरांना हे मी स्वतः शिकवायचे, हातवाऱ्यांसकट, टेबलाखाली जाऊन दाखवून.

एका संध्याकाळी फोनने भूकंपाच्या इशाऱ्याची किंकाळी फोडली, भांडी वाजायला लागली, आणि मी तडक बाहेर पळाले. हातात पितळी गणपती. फडताळाला स्क्रू होते, गणपतीला नव्हते, दुसरं काय करणार?

त्याच क्षणी समोरचं दार उघडलं आणि शेजारीण बाहेर आली. एका हाताने मुलीला ओढत, दुसऱ्या हाताने एक तसबीर छातीशी धरून. इमारत डुलत होती, आम्ही व्हरांड्यात डुलत होतो. मग सगळं थांबलं. मी तिच्या तसबिरीकडे पाहिलं, तिनं माझ्या गणपतीकडे. तसबिरीत निळ्या पदराची मारियामाता होती, मांडीवर बाळ.

"तुझापण वरच्या फळीवर असतो?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"खाली कसा ठेवणार?"

"तेच ना," ती म्हणाली.

आमच्या कमरेच्या उंचीवरून तिच्या मुलीचा आवाज आला, कडक जपानीत, अगदी शाळेतल्या बाईंच्या सुरात. "टेबलाखाली जायचं असतं. दोघींचंही चुकलं."

मला मोठा हादरा बसला तो तसबिरीचा. वर्षभर आम्ही समोरासमोर राहत होतो, आणि मीच काय, सगळी इमारत त्यांना मुसलमान समजत होती. इजिप्तचे म्हणजे आणखी कोण असणार? तिचा नवरा विद्यापीठात खाऱ्या जमिनीवर काम करायचा. तो रुजू झाला तेव्हा तिथल्या ऑफिसच्या बाईंनी मोठ्या आपुलकीने त्याच्यासाठी एक अडगळीची खोली रिकामी करून घेतली होती. भिंतीवर मक्केच्या दिशेचा बाण लावला, सतरंजी आणली, किल्ली दोन्ही हातांनी त्याला दिली. बिचारा काय बोलणार? त्यानं वाकून किल्ली घेतली. प्रत्येक पार्टीत त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेला हलाल डबा असे. डबा तो निमूटपणे खायचा.

"मग खोलीचं काय केलंत?" मी विचारलं.

"दुपारची झोप काढतो तिथे," तिनं शांतपणे सांगितलं. "पण बाणाकडे पाय करत नाही. ते बरं नव्हे."

पुढे एक इंडोनेशियन मुसलमान विद्यार्थी आला, तेव्हा शेजारणीच्या नवऱ्यानं ती किल्ली तशीच दोन्ही हातांनी त्याच्या हवाली केली आणि सतरंजी स्वतः धुऊन दिली.

झालं! त्या संध्याकाळपासून माझा त्यांच्या घरात मुक्काम पडला. मला सगळं जाणून घ्यायचं होतं. मुसलमानांच्या देशात ख्रिस्ती असणं म्हणजे रोज सकाळी उठून नक्की काय असणं? ती औषधशास्त्र शिकलेली, इथे घरीच असायची, आणि तिला बोलायला कोणी हवंच होतं. मी तोंड उघडलं की ती हसून म्हणे, "विचार, हबीबती, विचार. तुझं पोट दुखेल नाहीतर." हबीबती म्हणजे लाडके. मला ते फार आवडायचं. पुण्यात मला कोणी लाडके म्हटल्याला बराच काळ लोटला होता.

पहिला घोटाळा उपवासावरून झाला. तिचा ईस्टरआधीचा लांबलचक उपवास चालू होता. कित्येक आठवड्यांचा. मला कणव आली. तोक्योहून आणलेला साबुदाणा भिजवला, दाण्याचं कूट घातलं, साजूक तुपात परतून वर दही घेऊन गेले. तिनं वास घेतला आणि तिचा चेहरा पडला.

"यात तूप आहे?"

"भरपूर," मी अभिमानाने म्हटलं.

"मग नाही चालत. उपवासाला दूध, तूप, दही काही नाही. तू बस, माझं उपवासाचं खा."

आणि समोर आलं काय, तर कांदालसणात परतलेल्या वालासारख्या दाण्यांची उसळ, तळलेली भजी आणि पाव! मी आ वासून बघत राहिले. उपवासाला कांदा? लसूण? पाव? तिच्या मते माझा उपवास म्हणजे शुद्ध लबाडी होती, आणि माझ्या मते तिचा उपवास म्हणजे मेजवानी. त्या दिवशी आम्ही दोघींनी एकमेकींना पापी ठरवलं आणि पोटभर जेवलो.

खाताना ती सांगत जायची. शाळेत धर्माचा तास आला की त्या सात-आठ ख्रिस्ती मुली दप्तर उचलून उठायच्या आणि जिन्याखालच्या खोलीत जायच्या. त्यांच्या बाई त्यांना गोड बिस्किटं द्यायच्या, त्यामुळे तास आवडायचा. आवडायचं नाही ते उठून दारापर्यंत जाणं.

"सगळा वर्ग पाठीकडे बघत असतो. वाईट नजरेनं नाही. नुसतं बघतात. पण परत आले की बाकावरची माझी जागा तशीच असायची. माझी मैत्रीण तिथे कंपासपेटी ठेवायची. ती मुसलमान होती. अजून फोन करते मला."

रमझानमध्ये बसमध्ये बसून केळं खायचं नाही, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, ते आपोआपच कळत गेलं. नवा माणूस भेटला की तो आधी नाव विचारणार. पहिल्या नावावरून अंदाज आला नाही तर वडिलांचं विचारणार, आणि अंदाज आला की त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी एक बसकण मारून बसणार. चांगलं की वाईट ते माणसावर.

"इथे तसं नाही," मी म्हटलं.

"इथे तर कमालच आहे. तिथे आम्ही थोडे, आणि सगळ्यांना माहीत. इथे आम्ही त्याहून थोडे, आणि कोणाला पत्ताच नाही. मला कधीकधी वाटतं, मी आहे की नाही?" असं म्हणून तिनं उजवं मनगट माझ्यासमोर धरलं. "मग मी हे बघते."

मनगटाच्या आतल्या बाजूला एक छोटा क्रूस होता. हिरवट निळा, कडा जरा पसरलेल्या. तो रंग मी ओळखला. माझ्या आईच्या हातावर तोच होता.

इजिप्तमधल्या ख्रिस्त्यांना कॉप्ट म्हणतात. त्यांच्यात लहानपणीच मनगटावर असा क्रूस गोंदतात. वाईट दिवस आले की चर्चच्या दारावरची तरुण पोरं आत सोडण्याआधी मनगट बघतात. क्रूस दिसला की वाट मोकळी. तिचा आजोबा एका गावात दुकान चालवायचा. तिथे काही काळ हवा बिघडली, तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला सल्ला दिला, लांब बाह्यांचा सदरा घाल. दुसऱ्या दिवसापासून आजोबा दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडून दुकानात बसायला लागला. घरात तेव्हापासून एकच नियम झाला, की तो हात झाकायचा नाही. ही गोष्ट तिनं मुलीला इतक्यांदा सांगितली होती, की मुलगी झोपताना ती जपानीत स्वतःच म्हणायची.

आणि तिची स्वतःचीही एक गोष्ट होती. चार वर्षांची असताना जत्रेत ती हरवली. रडून रडून नावसुद्धा सांगता येईना. एका मुसलमान चहावाल्याने तिला उचललं, मनगट उलटून पाहिलं, आणि खांद्यावर बसवून थेट चर्चच्या दारात नेऊन सोडलं. "काही विचारावं लागलं नाही त्याला. हातच बोलला."

तर प्रश्न असा होता. मुलगी सात वर्षांची झाली होती. तिच्या सगळ्या मावसबहिणींचे हात गोंदून झाले होते. येत्या ऑगस्टमध्ये ही मंडळी सुट्टीला गावी जाणार होती, तेव्हाच मारियामातेची जत्रा असते आणि गोंदणारा तिथे यंत्र घेऊन बसतो. शेजारणीला वाटत होतं, आता उशीर नको. मुलगी आपल्याला जपानीत उत्तरं देते, प्रार्थना विसरत चालली आहे, निदान हातावर तरी काही राहील.

बाप नको म्हणत होता. कारण जपान. इथे अंग गोंदणं म्हणजे गुंडांच्या टोळ्यांची खूण. पाठभर राक्षस नि मासे काढलेली माणसं. त्यामुळे पोहण्याचा तलाव, गरम पाण्याची स्नानगृहं, सगळीकडे गोंदलेल्यांना बंदी. छोटा क्रूस असो की मोठा राक्षस, नियमाला दोन्ही सारखेच. आणि शाळेत तर दर उन्हाळ्यात पोहण्याचा तास असतो. बापाने वर्गशिक्षकांना विचारून पाहिलं होतं. शिक्षकांनी मान तिरकी केली, दातांमधून श्वास आत ओढला आणि "विचार करावा लागेल" म्हणाले. जपानात माणसाने असा श्वास ओढला की समजावं, विचार करून झालेला आहे.

स्वतः मुलीला काय हवं होतं? तिला टोपीवर पट्टी हवी होती. पंचवीस मीटर न थांबता पोहलं की शाळेत पोहण्याच्या टोपीवर एक पट्टी शिवायला मिळते. मागच्या उन्हाळ्यात अर्ध्यातच तिचे पाय तळाला टेकले होते. तेव्हापासून ती आमच्या व्हरांड्यात पोटावर झोपून हात मारायची. येणाऱ्याजाणाऱ्याने तिला ओलांडून जायचं.

नवराबायकोंनी मला पंच नेमलं. मी आपली गणपतीवाली, मी काय निवाडा करणार? मी म्हटलं, "थांबा. माझी आई येते आहे. तिचे दोन्ही हात गोंदलेले आहेत."

आई एप्रिलमध्ये आली. शेजारणीने दार उघडलं आणि पुढचा अर्धा तास त्या दोघींनी एकही सामाईक शब्द नसताना एकमेकींचे हात वाचले. आईच्या उजव्या हातावर वृंदावनासकट तुळस आहे, डाव्यावर विंचू, मनगटांवर ठिपके. शेजारीण बोट ठेवायची, आई मराठीत सांगायची, आणि तिला ते कळायचं. मुलगी आईला पहिल्याच दिवशी "आजी" म्हणायला लागली.

मग शेजारणीने माझ्यामार्फत विचारलं, "तुम्हाला कोणी विचारून गोंदलं का?"

"विचारतंय कोण?" आई म्हणाली. "चौघींनी धरलं, हातात गुळाचा खडा दिला, नि बाई टोचायला बसली. मी बोंब मारली ती वेशीपर्यंत गेली."

"मग राग आला?"

"राग कसला? हात आहे तो माझा." मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिचे मात्र कोरे ठेवले मी. शहरातल्या शाळेत हसतील म्हणून. चांगलं केलं की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही."

हे ती मला कधी बोलली नव्हती. मी भाषांतर करायचं विसरले. शेजारणीने दोनदा विचारलं, काय म्हणाली, काय म्हणाली.

त्याच आठवड्यात शाळेतून मुलीची भूकंपाची टोपी शिवायला घरी आली. जाड कापसाची, खुर्चीला अडकवून ठेवतात ती. आत कापडाच्या पट्टीवर नाव, पत्ता आणि रक्तगट शिवायचा होता, मूल कुठे सापडलं तर कोणाचं ते कळावं म्हणून. शेजारणीने ती पट्टी नवऱ्याच्या नाकासमोर धरली. "बघ! हे पण करतातच की नाही?"

"ती टोपी काढून ठेवता येते," नवरा म्हणाला.

"म्हणून तर!" ती म्हणाली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी टोपीकडे पाहिलं.

असं सगळं अडकून पडलेलं असताना मे महिन्यात परदेशी कुटुंबांची सहल निघाली. बसने डोंगरात, गरम पाण्याच्या झऱ्यांवर. मुलगी आठवडाभर आधीपासून त्या मोठ्या कुंडाच्या गप्पा मारत होती. शेजारणीला नियम माहीत होता. तिनं औषधांच्या दुकानातून कातडीच्या रंगाची चिकटपट्टी आणली होती आणि बस थांबली तिथे स्वच्छतागृहात जाऊन मनगटावर लावली. बाहेर आली तेव्हा बाही खाली ओढलेली होती. बाहीच्या कडेखालून मला ती पट्टी दिसली.

आणि मी, वर्षानुवर्षं जपानात राहिलेली, सगळ्यांना नियम शिकवणारी बाई, माझ्या डोक्यात आईचे हात आलेच नाहीत. देवाशपथ सांगते, आलेच नाहीत. टॅटू म्हणजे पोरं दंडावर काढतात ते. आईच्या हातावर आहे ते गोंदण. ते आईचं आहे.

दारातच पाटी होती. मुलीने मोठ्याने वाचून दाखवली: गोंदलेल्यांना आत प्रवेश नाही. पाटीवर पाठमोऱ्या माणसाचं चित्र, त्यावर लाल काट. आई त्या पाटीखाली उभी राहून, बाह्या सावरून, बूट काढत होती. काउंटरवरच्या तरुण मुलीने वर पाहिलं. हसू तसंच राहिलं, पण मागचा जीव गेला. ती वाकली, आणखी वाकली, आणि आतून व्यवस्थापकाला घेऊन आली. गृहस्थ साठीचे, कोट घातलेले, आणि घामाघूम.

माझं जपानी प्रयोगशाळेपुरतं. त्यामुळे दुभाषी मुलगीच. व्यवस्थापक तिच्या उंचीपर्यंत वाकले आणि अगदी हळू आवाजात काहीतरी विचारलं. मुलीने मला इंग्रजीत सांगितलं, "हे काका विचारतायत, आजी कुठल्या मंडळात वगैरे आहे का?"

मी आईला मराठीत विचारलं.

"आहे की! भजनी मंडळात. सांग त्यांना, अध्यक्ष आहे म्हणावं."

आता यात मी खोडी केली असा संशय माझ्या घरच्यांना आजही आहे. मी फक्त शब्द न शब्द पुढे पोचवला. मुलीनेही प्रामाणिकपणे पोचवला. आजी मंडळाची प्रमुख आहे.

व्यवस्थापक अर्धं पाऊल मागे गेले. "मोठं आहे का… मंडळ?"

"गुरुवारी तीसेक बायका असतात," आई म्हणाली. "एकादशीला जास्त."

काउंटरवरच्या मुलीने हात तोंडावर नेला. माझं हसू आवरेना, आणि मग शेजारणीच्या मुलीनेच उलगडा केला. त्या जमून गाणी म्हणतात, देवाची, टाळ वाजवून. व्यवस्थापक खुर्चीत बसले. रुमालाने कपाळ पुसलं. आजी टोळीतल्या नाहीत हे त्यांना पटलं, पण नियम तो नियम. मग त्यांनी एक तोडगा काढला. दिसतंय तेवढं झाकता आलं तर आत सोडू. काउंटरवरच्या मुलीने चिकटपट्ट्यांचं खोकं आणलं आणि आईसमोर गुडघे टेकून बसली.

आईला गंमत वाटत होती. मनगटावरचे ठिपके गेले. मग विंचू गेला. "मेला विंचू," आई म्हणाली. मग त्या मुलीने उजवा हात हातात घेतला, एक मोठी पट्टी काढली, आणि आईने हात मागे ओढला.

"विंचू झाक, बाई. तुळस नको."

मी म्हटलं, "अगं, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

"मग मी अर्धा तास बाहेर बसते. त्यांचं घर आहे, त्यांचा नियम आहे, माझं काही म्हणणं नाही. पण तुळस झाकून आंघोळ मी करायची नाही."

आवाज चढलेला नव्हता. जेवायला नको आहे म्हणावं, तितकंच साधं. मी इंग्रजीत सांगितलं, मुलीने जपानीत सांगितलं. सांगून झाल्यावर ती वळली आणि आपल्या आईच्या खाली ओढलेल्या बाहीकडे बघत राहिली. मग तिनं काहीतरी विचारलं, अरबीत. आईशी नेहमी जपानीत बोलणारी ती पोरगी. मला शब्द कळले नाहीत. नंतर शेजारणीने सांगितले. ते असे होते: "पणजोबांची गोष्ट खरी आहे ना?"

शेजारणीने बाही वर केली आणि पट्टी ओढून काढली. दोन-चार केसही निघाले असावेत, कारण तिनं डोळे मिटले. मनगट व्यवस्थापकांसमोर धरून तोडक्या जपानीत म्हणाली, "माफ करा. मी पण."

व्यवस्थापक इतके वाकले की मला त्यांच्या कमरेची काळजी वाटली. अंगणात पाय बुडवून बसायचं छोटं कुंड आहे, म्हणाले. तिथे कोणालाही बसता येतं. चहा ते स्वतः आणतील. मुलीचे हात कोरे, माझे कोरे, तेव्हा आम्ही दोघी खुशाल आत जावं.

मुलगी जाईना. शेजारणीने तिला माझ्याकडे ढकललं. "जा. आठवडाभर डोकं खाल्लं आहेस."

आत वाफ, दगड आणि शांत बसलेल्या बायका. पोहायला परवानगी नव्हती, म्हणून मुलगी गळ्यापर्यंत पाण्यात बसून पाण्याखाली गुपचूप पाय मारत होती. थोड्या वेळाने तिनं माझा हात उचलला, उलटसुलट करून पाहिला.

"तुझ्यावर काहीच नाही. तू हरवलीस तर?"

"मी इतकी बोलते, की कोणीतरी वैतागून मला घरी आणून सोडेल."

तिनं यावर गंभीरपणे विचार केला आणि मान डोलावली. मग स्वतःचं मनगट पाण्याखाली धरून बराच वेळ बघत बसली.

आम्ही बाहेर आलो तेव्हा त्या दोघी कुंडाच्या काठावर, पातळ आणि झगा गुडघ्यापर्यंत ओढून, पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. चारही हात उघडे. आईने विंचवावरची पट्टीही काढून टाकली होती. ती मराठीत काहीतरी सांगत होती, शेजारीण अरबीत उत्तर देत होती, दोघींचं उत्तम चाललं होतं. आम्हीही पाय सोडून बसलो.

शेजारणीने मुलीचा हात मांडीवर घेतला. बोलली मात्र इंग्रजीत, मी साक्षीला असावे म्हणून असेल.

"ऑगस्टमध्ये मी तुला गोंदणाऱ्याकडे नेणार नाही. मलासुद्धा आज हात झाकावासा वाटला, आणि मी चाळीस वर्षांची आहे. तुला धरून बसवून नाही द्यायचं मला हे. ज्या दिवशी तू स्वतः मागशील, त्या दिवशी. मग तू मोठी झालीस तरी चालेल." तिनं मुलीचं मनगट अंगठ्याने पुसलं. "आणि नाही मागितलंस, तरी…"

ते वाक्य तिला पुरं करता आलं नाही. कोणाला वाटेल, यात काय एवढं? पण मी इतके महिने तिच्या स्वयंपाकघरात बसले होते. ती काय सोडून देत होती ते मला माहीत होतं. या पोरीला परक्या देशात अर्धी भाषा विसरलेली बघत, तिनं मनात धरून ठेवलेली एकच गोष्ट होती ती.

"काय म्हणाली?" आईने विचारलं. मी सांगितलं. आईने तुळशीचा हात शेजारणीच्या पाठीवर ठेवला. कुंडाच्या पलीकडच्या दोन जपानी आजीबाईही बोलायच्या थांबल्या. व्यवस्थापक चहाचा ट्रे घेऊन आले होते, तेही काहीतरी पवित्र चाललं आहे असं वाटून तिथेच थबकले. मुलगी पाय हलवत, कपाळाला आठ्या घालून, हातचा धरून बेरीज करतात तशी विचार करत होती. मग बेरीज जमली असावी. तिनं मान वर केली आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा खणखणीत जपानीत जाहीर केलं:

"आधी पंचवीस मीटर, मग येशू!"